आंबेनळी घाटातल्या अनोळखी मदतनीसांचे आभार
गेल्या रविवारी आंबेनळी घाट चढताना आमच्या २००४ सालच्या डिझेल एसयूव्हीच्या रेडिएटरचा वरचा होज (पाण्याची रबरी नळी) क्लिपेजवळ फाटला, तेव्हा तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायला निघालेला माझा हात वेळीच धरणारे टेम्पोचालक काका, होजचे फाटलेले टोक दोन बोटांएवढे कापून तोच होज पुन्हा बसवता यावा म्हणून पेचकस देणारा त्यांचा क्लीनर आणि दोन कळश्या पाणी आणून देणाऱ्या मावशी यांचे मनःपूर्वक आभार. (गाडी आपली आपणच दुरुस्त करतो, ही माझी फुशारकी त्या दिवशी हत्यारांच्या पेटीसह घरीच राहिली होती.) तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर हेडला (इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाला) तडा जाऊ शकतो, हे काकांनी बजावले नसते तर खर्च फार वाढला असता. नवा होज मी आता स्वतः बसवला आहे. मावशींची एक कळशी मात्र चुकून आमच्या डिकीत आली असून ती लवकरच पोचती करीन.