फॉर्ममधला शेवटचा रकाना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत किनाऱ्यावरच्या ज्येष्ठ निवासांच्या जाहिराती पानभर होत्या. समुद्र दिसणारी खोली, योगवर्ग, वाचनालय, ‘घरगुती सात्त्विक भोजन’. मी त्या भिंग लावून वाचल्या, कारण तीन महिने माझा हाच उद्योग चालू आहे. आई 91 वर्षांची, मी 68. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली तेव्हा मला तिला उचलता आलं नाही. शेजारचा मुलगा येईपर्यंत दोघी ओल्या फरशीवर बसून राहिलो. तिने तेवढ्यात दोनदा विचारलं, ‘तू कोण गं?’

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागकरांना हे सांगावं लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला इकडे शनवार तेली म्हणत. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेल्या गलबतातून आमचे पूर्वज वाचले, ही गोष्ट आमच्या घराघरात आहे. इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, 1848 चं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं. 1948 नंतर एकेक करत बहुतेक घरं इस्रायलला गेली. मी शाळेत मास्तरीण होते, राहिले. मुलगा मात्र तिकडे अश्दोद शहरात आहे.

त्याचं म्हणणं, आजीला इकडे आण. तिथे वृद्धाश्रमाला ‘बेत अबोत’ म्हणतात, म्हणजे वडिलांचं घर. आमच्या सिनेगॉगच्या नावातला अबोथ तो हाच. तिथे स्वयंपाक कोशर, म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांतला, शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा शनिवारचा विसावा पाळलेला, सण सगळे आपापल्या दिवशी, कुणाला काही समजावायला नको. कागदावर याहून चांगलं काही नाही. आईने तिथल्या एका मावसबहिणीला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, शेजारीण मोरोक्कोची, सांभाळणारी रशियन, माणसं प्रेमळ आहेत. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, ‘सगळं आपल्या धर्माचं आहे गं. पण रात्री कण्हायचं कुठल्या भाषेत?’ अश्दोदचा विषय तिथे संपला.

मग इकडची शोधाशोध. ‘आईला आश्रमात टाकणार?’ हे वाक्य मला आळीत, बाजारात आणि एकदा रिक्षातही ऐकावं लागलं. मुलाने फोनवर मायमोनिडीजचा उतारा वाचून दाखवला. बाराव्या शतकातला हा वैद्य आणि धर्मशास्त्री लिहून गेला आहे की आईबापाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही तर मुलाने होईल तितकं निभावावं, आणि अगदीच झेपेनासं झालं तर दुसऱ्यांना त्यांची नीट काळजी घ्यायला सांगून आपण बाजूला व्हावं. मला हायसं वाटलं. पण त्याच उताऱ्याशेजारी राबाद नावाच्या दुसऱ्या पंडिताचा आक्षेप छापलेला आहे: हा निघून गेला तर राखायला सांगणार कुणाला? मुलाला वाटलं हे वाचून मी खचेन. उलट मला जाहिराती कशा वाचायच्या ते कळलं. पुढच्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारला, रात्री अकरानंतर इथे कोण असतं? एका जागी व्यवस्थापकांनी गेटवरच्या वॉचमनकडे बोट दाखवलं. तिथे चहाही न घेता परत फिरले.

दुसरा आधार तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातल्या यादीचा. वडिलांची सेवा म्हणजे काय? खाऊ घालणं, पाणी देणं, कपडे नेसवणं, पांघरूण घालणं, आत आणणं आणि बाहेर नेणं. आपला 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांवर थांबतो. बाहेर नेणं त्यात नाही. आमच्याकडे ते दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, आणि माझी सगळी रडकथा त्यावरच आहे. शनिवारी सकाळी आईला तासभर सिनेगॉगमध्ये बसायचं असतं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला हल्ली फोनाफोनी करावी लागते, आणि बाई तर त्या दहात मोजलीच जात नाही. तरी आई जाते. तिला मुलीचं नाव आठवत नाही, पण ‘शेमा इस्राएल’ ही आमची मुख्य प्रार्थना एक अक्षर न चुकता म्हणते. शब्बाथला वाहनात बसू नये असा नियम आहे. त्या गुडघ्यांना तो सांगायची माझी छाती नाही, मी रिक्षा करते. चारपैकी तीन ठिकाणी उत्तर आलं, ‘बाहेर नेण्याची जबाबदारी संस्था घेत नाही, आणि शनिवारी सकाळी डॉक्टरांची फेरी असते.’

स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. शुद्ध शाकाहारी ठिकाण आम्हाला सोयीचं, निम्मे नियम आपोआप सुटतात. पण आईपुढे आठ दिवस नुसतं वरण ठेवून बघा. मासा हवा, तो खवले आणि पर दोन्ही असलेला. जिताडा चालतो, बोय चालते, पापलेट चालतं. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूल, मोरी यांपैकी काही नाही. एका नावाजलेल्या निवासात मला ऐकवलं, ‘आजी मासे खातात ना? मग कोळंबीने काय घोडं मारलंय?’ मी म्हटलं, ओट्यावरची ती कढई तेवढी दाखवा. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात दुपारचे बटाट्याचे काप पडत होते. मांसाचं मी आधीच सांगून टाकते की देऊच नका. ते आमच्या रीतीने हलाल करण्यापासून दुधादह्याशी न मिसळण्यापर्यंत कोण बघत बसणार? घरी आम्ही मटणात नारळाचं दूध घालतो ते त्यासाठीच.

शुक्रवारच्या दिव्याचं आणखी एक. सूर्य बुडायच्या आत आई काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावते. आगीच्या भीतीने खोलीत दिवा नको म्हणाले, ते मला पटलं. मग म्हटलं, जेवणघराच्या कोपऱ्यात, तुमच्या देव्हाऱ्यातलं निरांजन असतं तिथून चार हात लांब ठेवू? त्यावर ‘कमिटीला विचारावं लागेल’. कमिटीची बैठक तिमाही असते म्हणे.

आणि शेवटी फॉर्म. धर्माच्या रकान्यात चार-पाच नावं आणि मग ‘इतर’. राज्य सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण छापील फॉर्म जुनेच. ‘इतर’चं मला काही वाटत नाही, जन्मभर त्यातच खूण केली. माझा हात थांबला तो शेवटच्या पानावर. ‘नातेवाईक 24 तासांत न पोहोचल्यास संस्था अग्निसंस्कार करील व ते निवासींना मान्य राहील.’ आमच्यात दफन असतं, तेही होईल तितक्या लवकर, आणि अंघोळ आमच्याच माणसांनी घालायची असते. माझा मुलगा 24 तासांत अश्दोदहून पोहोचेलच असं नाही, आणि उद्या मीच आधी गेले तर? मी म्हटलं, ही ओळ खोडते आणि दफन लिहून आमच्या समाजातल्या दोघांचे फोन नंबर देते. कार्यालयातल्या बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, छापील मजकुरात बदल चालत नाही.

संपादक महाराज, पत्र लिहायचं कारण ही ओळ. मला ज्यूंसाठी वेगळा वृद्धाश्रम मागायचा नाही, तो भरायला तरी माणसं कुठे आहेत? आपल्या जिल्ह्यात निवास चालवणाऱ्यांनी आपापला फॉर्म काढून बघावा, एवढीच विनंती. काय खात नाही, कोणत्या दिवशी कुठे जायचं असतं, आणि मेल्यावर काय करायचं, एवढं विचारायला तीन ओळी पुरतात. त्या आमच्याइतक्याच ख्रिश्चनांना, मुसलमानांना, लिंगायतांना आणि देहदान लिहून ठेवलेल्या माझ्या नास्तिक हेडमास्तरांनाही लागतील.

आईला तूर्त रेवदंड्याच्या बाजूला एका लहान निवासात पंधरा दिवसांसाठी ठेवलं आहे. समुद्र दिसत नाही, भिंतींना ओल आहे, लिफ्ट नाही. रात्री दोन बायका असतात, त्यांतली एक जागी. रेवदंड्याचं सिनेगॉग 1842 चं, अलिबागच्याहून जुनं, ते तिथून जवळ आहे. स्वयंपाकाच्या मावशींना माशांचं सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘खवलंवाला ना? ठावं हाय. आमच्या शेजारी इस्रायल व्हते, त्यांच्या मलिद्याचं पोहं मीच निवडून द्यायची.’ मलिदा म्हणजे आमच्याकडचा गोड पोह्यांचा नैवेद्य. त्यांनी एक कढई बाजूला काढून तिच्या कानाला लाल दोरा बांधला. फॉर्म त्यांच्याकडेही तोच छापील होता. मालकांनी खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली, वर ‘दफन’ लिहिलं आणि सही केली. स्पेलिंग ‘दफण’ झालंय. मास्तरीण असूनही मी ते दुरुस्त केलं नाही.

आपली वाचक,
इस्रायल आळी, अलिबाग
(नाव छापू नये, ही विनंती. कोळंबीवाल्या निवासात माझी एक मैत्रीण अजून राहते.)