फळ्यावरचा निबंध आणि वहीतली गोष्ट

महोदय,

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. मुले आता इंग्रजी वाचतात, शब्दार्थ घडाघडा म्हणतात. स्वतःचे काही लिहायचे म्हटले की मात्र अडतात.

माझी मुलगी चौथीत आहे. ‘माय मदर’ हा निबंध वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच, फळ्यावरून उतरवलेला. त्यातली आई ‘काइंड’ आहे, ‘लव्हिंग’ आहे. पहाटेच्या एसटीने कामाला जाणारी मी त्यात कुठेच नाही. याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रोज पाच ओळी लिहू लागलो. आधी गोष्ट मराठीत तोंडी सांगायची, मग इंग्रजीत लिहायची. शब्द अडला तर मराठी तसाच ठेवायचा. एके दिवशी तिने लिहिले, ‘आजी मेक कुरडया. क्रो कम. आय रन. क्रो गो.’ व्याकरण चुकले होते, पण गच्चीवरची ती धावपळ माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली! मी लाल पेन हातात घेतले नाही. दुसऱ्या दिवशी फक्त ‘केम’, ‘रॅन’ आणि ‘वेन्ट’ सांगितले. ते तिला हवेच होते, त्यामुळे लगेच लक्षात राहिले.

शिक्षकांवर कामाचा बोजा किती आहे, हे मी जाणते. तरीही कळकळीची विनंती आहे, की आठवड्यातून एका तासाला फळा कोरा ठेवावा आणि त्या तासाच्या लिखाणाला गुण देऊ नयेत.

– एक पालक, सातारा