सांधेदुखीला वयाचे कारण पुरेसे नाही

संपादक महोदय,

इंदूरच्या मराठी घरांत पस्तिशीच्या सुनेने सकाळी बोटे आखडतात असे सांगितले, तरी वाताचे दुखणे समजून शेक आणि तेल सुचवले जाते, याची मला मनापासून काळजी वाटते. वयाबरोबर वाढणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिस या सांधेदुखीत सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजते, वेदना हालचालीने वाढून विश्रांतीने कमी होतात आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये मात्र शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळे मनगटे आणि बोटांचे मुळाकडील व मधले सांधे बहुधा दोन्ही हातांत सारखेच सुजतात, ताठरपणा तासाहून अधिक टिकू शकतो, थकवा येतो आणि कधी फुफ्फुसांनाही इजा पोहोचते. हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो.

या आजारासाठी केली जाणारी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही रक्तचाचणी नकारात्मक आली, तरी आजार नाहीच असे ठरत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी ठणका कमी होतो, पण हाडांची हानी थांबत नाही. ती रोखण्यासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून औषध विक्रेत्यांनी पाकिटावर ठरलेला वार मराठीत किंवा हिंदीत ठळक लिहून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सांध्यांची सूज काही आठवडे टिकल्यास संधिवाततज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये.

– एक वाचक, रामबाग, इंदूर