भुयारी मेट्रो: रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची नको

संपादक साहेब, नमस्कार.

भुयारी मेट्रो चालवायला खासगी भागीदार घ्या, सरकारला ते झेपत नाही, असं हल्ली सारखं कानावर येतंय म्हणून लिहितोय. मी भुसावळचा, इथं मेट्रो नाही, पण धाकटा मुलगा मुंबईत रोज अ‍ॅक्वा लाइननं, म्हणजे तिथल्या भुयारी मेट्रोनं, कामावर जातो आणि वडील रेल्वेत कीमन, म्हणजे रूळ तपासणारे कामगार, होते, त्यामुळे रूळ आणि गाड्या हा आमच्या घरचाच विषय.

वडील रोज रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या (लोखंडी खिट्ट्या) ठोकत चालायचे. रूळ तडकलेला दिसला की लाल झेंडी लावून गाडी थांबवायची, बस. पीडब्ल्यूआय (रुळांचा इन्स्पेक्टर), स्टेशन मास्तर, ड्रायव्हर सगळे एकाच रेल्वेचे, गाडी थांबवल्याचा दंड कोणत्या कंपनीच्या बिलातून कापायचा हा वाद तेव्हा नव्हताच.

लंडनच्या भुयारी रेल्वेत हे एकपणच तोडलं. गाड्या आणि स्टेशनं सरकारी संस्थेनं चालवायची, आणि रूळ, बोगदे, सिग्नल, डब्यांची देखभाल खासगी कंपन्यांकडे, करार ३० वर्षांचे, २००२-०३ ला झालेले. त्यातली मेट्रोनेट २००७ लाच बुडाली. तिच्या मालक पाच कंपन्या आणि मोठाली कामंही त्यांनाच दिलेली, मग खर्च वाढला तर आवरणार कोण? वर तिच्या ९५ टक्के कर्जाला सरकारी हमी, म्हणजे बँकांनाही घोर नाही. शेवटी भरलं ते लोकांनीच. दुसरी कंपनी, ट्यूब लाइन्स, तीही २०१० ला सरकारी संस्थेला विकत घ्यावी लागली.

आपल्याकडं दिल्लीची एअरपोर्ट लाइन बघा. बांधकाम दिल्ली मेट्रोचं, चालवायला रिलायन्स इन्फ्राची कंपनी. २०११ ला सुरू झाली, पुढच्याच वर्षी बांधकामातल्या दोषांवरून बंद, २०१३ ला कंपनी बाहेर पडली आणि दिल्ली मेट्रोलाच ती चालवावी लागली. कोर्टातलं भांडण मात्र २०२४ पर्यंत चाललं.

खासगी माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही हो, साफसफाई, सरकते जिने, तिकीट मशीन ही कामं त्यांना खुशाल द्या. पण लाखो लोकांची भुयारातली गाडी सरकार बंद पडू देणार नाही हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं, मग धोका तिनं घेतला म्हणायचा तरी कसा?

म्हणून मागणी एवढीच की असा कोणताही करार सहीआधी मराठीत लोकांसमोर ठेवा. भाडं कोण ठरवणार, कंपनी मधेच निघून गेली तर कर्ज कोणाच्या बोकांडी बसणार आणि रूळ खराब म्हणून गाडी थांबवायचा हुकूम कोणाचा, हे त्यात साध्या शब्दांत पाहिजे. आपल्या पेपरनंही असे करार मिळवून छापावेत ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)