काकांना जाहीर आभारपत्र: थर्मोस्टॅट निवडायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काकांना,
सा. न. वि. वि.

बैठकीच्या खोलीतला थर्मोस्टॅट, म्हणजे हीटर चालू-बंद करून खोलीचं तापमान राखणारा भिंतीवरचा स्विच, बंद पडला तेव्हा मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं, की नवा कोणता घेऊ? तुम्ही कुठल्याच कंपनीचं नाव घेतलं नाहीत. "आधी भिंतीत काय आहे ते बघ, मग दुकानात जा," म्हणालात. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितो आहे, कारण ज्यांच्या घरी विजेचे बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसवलेले लांबट हीटर) आहेत त्या सगळ्यांनाच हे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी तुम्ही व्होल्टेजचं विचारलंत. दुकानात दिसणारे बरेचसे देखणे थर्मोस्टॅट 24 व्होल्टचे असतात. ते मध्यवर्ती फर्नेसला, म्हणजे सगळं घर एकाच जागेवरून तापवणाऱ्या यंत्राला, नुसता इशारा देतात. बेसबोर्ड हीटरचं तसं नाही, हीटरचा सगळा प्रवाह थर्मोस्टॅटमधूनच जातो आणि आमच्याकडे तो 240 व्होल्टचा आहे. तिथे 24 व्होल्टचा जोडला तर तो जळेलच, शिवाय आगीचा धोका. इतक्या गंभीरपणे तुम्ही हे सांगितलंत की माझ्या मनात ते कायमचं बसलं.

ब्रेकर पाडला, टेस्टरने वीज गेल्याची खात्री केली आणि मगच झाकण काढलं. आत चार वायर होत्या. दोन असतील तर सिंगल पोल, चार असतील तर बहुधा डबल पोल, हे तुम्ही सांगून ठेवलं होतंच. पण त्यामागचं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. 240 व्होल्टच्या हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही वायर जिवंत असतात. सिंगल पोल त्यातली एकच तोडतो, म्हणजे हीटर गार पडला तरी त्यात वीज असतेच. डबल पोल 'बंद'वर नेला की दोन्ही तुटतात. पांढरी वायर दिसली म्हणून ती न्यूट्रल धरू नकोस, हेही तुम्ही बजावलंत. जुना काढण्याआधी वायरींना लाइन (ब्रेकरकडून येणारी) आणि लोड (हीटरकडे जाणारी) अशा चिठ्ठ्या लावायला लावल्यात, त्यामुळे नवा जोडताना कुठेच अडलो नाही.

मग हिशेब. त्या खोलीत एकाच थर्मोस्टॅटवर दोन हीटर आहेत, एक 1500 वॅटचा, दुसरा 1000 वॅटचा. बेरीज 2500, भागिले 240, म्हणजे साधारण 10.4 अँपिअर. ब्रेकर 20 अँपिअरचा, पण हीटर तासन्‌तास चालतो म्हणून त्याच्या 80 टक्के, म्हणजे 16 अँपिअरच धरायचे. आम्ही त्यात आरामात बसलो आणि 16 अँपिअरचा डबल पोल घेतला. आता खोलीचं तापमान पूर्वीसारखं वरखाली होत नाही. आई रात्री शांत झोपते, हे तुम्हाला मुद्दाम कळवायचं होतं.

बाथरूममधला हीटर पंख्याचा आहे. बरेच इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट काही सेकंदांच्या अंतराने चालू-बंद होतात, पंख्याच्या मोटरला ते सोसत नाही, म्हणून पंख्याच्या हीटरला चालतो असं स्पष्ट छापलेलाच घे, असं तुम्ही म्हणाला होतात. तसाच आणला आहे. त्याच्यावरच्या आकड्यांचा आणि हीटरच्या पाटीचा फोटो पाठवतो. जोडण्याआधी एकदा नजर घालाल ना?

काकूंना नमस्कार.

आपला,
शेजारचा पुतण्या