नाण्यांच्या प्रदर्शनाची बातमी सोमवारी नको, गुरुवारी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाण्या-नोटांच्या प्रदर्शनाची बातमी शहर पुरवणीत येते ती बहुधा सोमवारी. उद्घाटनाचा फोटो असतो, भिंगातून नाणे न्याहाळणारा एखादा शाळकरी मुलगा असतो, आणि प्रदर्शन आदल्या संध्याकाळीच आवरलेले असते. ही बातमी गुरुवारी छापावी, ही पहिली विनंती. अर्थात दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही. आयोजकांच्या तारखाच कित्येकदा इतक्या उशिरा पक्क्या होतात की आधी छापायला हातात काही नसते.

ही तारीख कागदोपत्री नाणेसंग्राहक मंडळ ठरवते; प्रत्यक्षात ती मंगल कार्यालयाच्या वहीत ठरते. तळमजल्याचा मोठा हॉल, टेबलागणिक दिव्यासाठी प्लग, रात्री कुलूप आणि पहारा, असे सलग तीन दिवस लागतात. लग्नसराईत शनिवार-रविवार कुणी सोडत नाही, आणि सुटला तरी भाडे व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या टेबलांच्या वर्गणीतून निघत नाही. मग हॉल मिळतो चातुर्मासात, म्हणजे ऐन पावसात. दमट हवेत जुन्या नोटा सर्द होतात, तांब्याच्या नाण्यांवर हिरवी पूड धरू लागते, आणि बाहेरगावचा माणूस घाटातल्या पावसाचा विचार करून घरीच बसतो. पितृपक्षातही हॉल सहज मिळतो, पण तेव्हा काही जण सोन्या-चांदीच्या खरेदीला हात लावत नाहीत.

यातून एक वाट आहे, तिचा फायदा मात्र फारसे कुणी घेत नाही. धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. हवा कोरडी असते, दहावी-बारावीच्या परीक्षा अजून लांब असतात, आणि परदेशातली आपली मंडळी सुट्टीवर आलेली असतात. कोलकात्याचे ‘मुद्रा उत्सव’ हे नाणेप्रदर्शन बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात असते, त्यामुळे तो आठवडा सोडावा. जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार महाराष्ट्रातल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी कायमचा ठरवून टाकला तर हॉल दोन वर्षे आधी अडवता येईल. अमेरिकेत फ्लोरिडातले मोठे प्रदर्शन जानेवारीच्या सुरुवातीला, बर्लिनचे जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचे ऑगस्टमध्ये, हे तिथल्या व्यापाऱ्यांना विचारावे लागत नाही.

तारखा एकमेकींवर आल्या की नुकसान दोन्हीकडे होते. व्यापारी तेच असतात. पुण्यात टेबल लावणारा त्याच दिवशी बंगळुरूला बसू शकत नाही; तो मोठे गिऱ्हाईक असेल तिकडे जातो आणि इथे भाच्याला बसवतो. भाच्याला किंमत पाठ असते, पण घासाघीस करायचा अधिकार नसतो. राज्यातल्या मंडळांनी दिवाळीपूर्वी एकत्र बसून पुढच्या वर्षाच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात आणि कोणत्याही दोन प्रदर्शनांत किमान तीन आठवडे ठेवावेत. व्यापाऱ्यालाही माल विकून नवा माल घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

तारीख काढताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि तो नेमका प्रदर्शन भरात असताना, दुपारच्या वेळी. ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला रविवारऐवजी शनिवारी या, असे जाहिरातीतच सांगावे. दुसरी गोष्ट निवडणुकीची. आचारसंहितेच्या काळात नाक्यानाक्यावर भरारी पथके असतात आणि ५० हजारांवर रोकड सापडली की कागद मागतात. नाणेबाजार अजूनही बराचसा रोखीवर चालतो. संध्याकाळी गल्ला आणि पेटीभर चांदी घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याजवळ मालाची यादी आणि बिले नसतील तर रात्र चौकीवर जाते. निवडणुकीचा अंदाज असेल तर ते महिने टाळावेत. टाळता येत नसतील तर प्रत्येक टेबलवाल्याला यादी बाळगायची सक्ती करावी.

आता जाणाऱ्यांसाठी. तीन दिवसांचे प्रदर्शन तिन्ही दिवशी सारखे नसते. शुक्रवारी सकाळी व्यापारी एकमेकांत खरेदी करतात. चांगला माल तेव्हाच हलतो, पण भाव ताठ असतात. ज्याला एखादे नेमके नाणे हवे आहे त्याने शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचावे. शनिवारी गर्दी. रविवारी दुपारनंतर भाव उतरतात, कारण उरलेला माल परत वाहून न्यायचा असतो. किरकोळ नाण्यांची, सुट्या नोटांची खरेदी तेव्हा करावी. फक्त जाहिरातीत ७ लिहिले असले तरी ४ वाजता अर्धी टेबले उचललेली असतात, कारण बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना संध्याकाळची गाडी पकडायची असते. यावर उपाय सोपा आहे. टेबलाच्या भाड्याबरोबर अनामत घ्यावी आणि ती शेवटच्या दिवशी हॉल बंद होतानाच परत द्यावी. ते जमत नसेल तर जाहिरातीत खरी वेळ छापावी.

जोडीला लिलाव असला तर कॅटलॉग आधी चाळावा. क्रम साधारण ठरलेला असतो: प्राचीन, सुलतानी, मुघल, मग मराठे आणि संस्थाने, त्यानंतर ब्रिटिश इंडिया आणि शेवटी नोटा. तासाला ८० ते १०० लॉट, म्हणजे एका बोलीत विकले जाणारे नग किंवा गट, सरकतात. म्हणजे ५ वाजता सुरू झालेल्या लिलावात ३५०वा लॉट साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान येणार. शेवटची गाडी असेल तर लेखी बोली देऊन निघावे. नाणे हातात घेऊन बघायची वेळ लिलावाच्या आधी असते, नंतर तक्रार चालत नाही. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क आणि त्यावर कर लागतो, ते धरूनच वरची मर्यादा ठरवावी. आयोजकांनी एक करावे: अभ्यासकाचे व्याख्यान आणि लिलाव एकाच वेळी ठेवू नयेत. तसे झाले की व्याख्यानाला रिकाम्या खुर्च्या उरतात, आणि पुढच्या वर्षी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून व्याख्यानच रद्द होते.

सोबत १० पट भिंग, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आणि छोटे चुंबक ठेवावे. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. झीज धरून थोडा कमी भरेल. अर्धा ग्रॅम कमी भरला तर शंका घ्यावी. पण काट्यावर सगळे सोडू नये. १९४० ते ४५चा रुपयाही ११.६६ ग्रॅमचाच आहे, पण त्यात चांदी निम्मी. आधीच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, यात ५.८. चांदीच्या भावाने घ्यायला निघालेला माणूस इथे फसतो. या रुपयांची कड वेगळी आहे, मध्ये खोबण असते, ती बघावी. १९४७चा रुपया निकेलचा, तो अस्सल असूनही चुंबकाला चिकटतो. दुर्मीळ म्हणून महाग असलेला १९३९चा रुपया तर काटा आणि चुंबक दोन्हींना चकवतो, कारण बनावट करणारे १९३८च्या खऱ्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून बदलतात. तिथे भिंगच लागते: आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो का, ते पाहावे. ओतीव नकलीवर बारीक छिद्रे असतात आणि कडेवर सांधा घासल्याची खूण सापडते.

शिवरायांच्या नाण्यांबद्दल तर विशेष सांभाळावे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढे वाचता आले की खरेदीला हात पुढे होतो. तांब्याची शिवराई पुढे अनेक टांकसाळींतून दीर्घ काळ पाडली गेली, त्यामुळे शिवराई म्हणजे महाराजांच्याच हयातीतली, असे धरू नये. आणि टेबलावर कुणी सोन्याचा होन काही हजारांत देऊ लागला तर पुढच्या टेबलाकडे वळावे.

नाणी विकायला किंवा दाखवायला नेत असाल तर चिंचेने, पितांबरीने घासून नेऊ नका. घासलेल्या नाण्याची किंमत तिथल्या तिथे कोसळते आणि काही केल्या परत येत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवलेली नाणी हिरवट, चिकट होतात, तेव्हा ती पाकिटेही बदला.

रविवारी वैष्णोदेवीचे ५ आणि १० रुपयांचे नाणे, ट्रॅक्टरची नोट किंवा ७८६ क्रमांकाची नोट घेऊन रांगेत उभे राहणारे पुष्कळ असतात. ‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ अशा मजकुरामुळे ते येतात. वैष्णोदेवीची नाणी २०१२ची, चलनात भरपूर आलेली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट सांगितले होते की तिच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या विक्रीवर शुल्क किंवा कमिशन मागणारे फसवे आहेत. प्रदर्शनाच्या बातमीखाली ही चौकट दर वेळी छापलीत तर अनेकांचे पैसे वाचतील, टेबलवाल्यांचा घसाही.

कायद्याचे दोन मुद्दे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार पुरावस्तू आहे. देशात संग्रहात ठेवता येते, देशाबाहेर नेता येत नाही. सुट्टीवर आलेल्या भाच्या-पुतण्यांना व्हिक्टोरियाचा रुपया भेट देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेणे विक्रेत्याला महागात पडते, म्हणून मोठी खरेदी बँकेतून आणि बिलासकट करावी.

मुंबईच्या प्रदर्शनाला बाहेरगावाहून येणाऱ्यांनी फोर्टातल्या अमर बिल्डिंगमधले रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय जोडीने बघावे, पण मुक्काम वाढवून सोमवारी जायचे ठरवू नये. ते सोमवारी बंद असते.

आपल्या वृत्तपत्राने दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ‘या महिन्यातली संग्राहक प्रदर्शने’ एवढा चार ओळींचा रकाना दिला, तर मंडळांवरही तारखा वेळेत कळवायचे बंधन येईल. त्यात हॉलचे नाव, तिन्ही दिवसांच्या वेळा, प्रवेश शुल्क, लिलावाची वेळ आणि जवळचे स्टेशन किंवा बसथांबा असावा. पाहुण्यांची नावे नसली तरी चालतील.

आपले,
पुण्यातील काही नाणेसंग्राहक