भूकंपाची मदत: सगळा पैसा एका खात्यात मागू नका, यादी द्या

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ठाणे

सविनय नमस्कार.

१९९३ साली किल्लारीत झाला तसा किंवा २००१ साली कच्छमध्ये झाला तसा भूकंप उद्या कुठेही झाला, तर मुंब्रा, भिवंडी, राबोडीच्या मशिदींत पुढच्याच जुम्म्याला चंदा गोळा होईल. आमची विनंती त्या पैशाबद्दल आहे. तो सगळा एकाच निधीत भरायला सांगू नये.

त्यात जकातही असते. जकात म्हणजे मुसलमानावर बंधनकारक असलेले दान: निसाबाच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर असलेल्या वर्षभराच्या शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा. हनफी मसलकानुसार, म्हणजे आम्ही पाळतो त्या धर्मशास्त्रीय परंपरेनुसार, ती गरजू मुसलमानाच्या हाती, त्याच्या मालकीची म्हणून पडावी लागते. त्यामुळे भांडी, रजई, शिलाई मशीन, शेळी किंवा रोख रक्कम जकातीतून देता येते; ट्रकचे भाडे, डिझेल, सामुदायिक शेड आणि शौचालये यांना ती चालत नाही. हा खर्च ऐच्छिक सदक्यातून, म्हणजे लिल्लाह (अल्लाहसाठी) म्हणून स्वखुशीने दिलेल्या दानातून होतो. इतर धर्मीयांना द्यायचे मदतसामानाचे संचही त्यातूनच. म्हणून पावतीपुस्तके दोन, संच मात्र एकसारखा आणि रांग एकच. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला धर्म विचारणे आम्हाला मुळीच मान्य नाही. तलाठ्याकडची कुटुंबांची यादी गाडी निघण्याआधी मिळाली, तर कोणता संच कोणत्या खात्यात टाकायचा हे इथेच ठरते.

दुसरी अडचण सामानाची. मागितलेले नसताना जुन्या कपड्यांचे गठ्ठे जातात आणि रस्त्याकडेला भिजत पडतात. घर पडलेल्याला आधी छप्पर लागते: माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा, कुटुंबामागे ४ बाय ६ मीटरच्या दोन ताडपत्र्या, एक वर आणि एक बाजूंना, सोबत दोरी. बाजारातली पातळ निळी ताडपत्री स्वस्त पडते, पण तिच्या कडेला दुहेरी पट्टी नसते. वारा सुटला की दोरी ओवायची भोके फाटतात, कोपरा सुटतो आणि आतली रजई भिजते. तांदूळ-डाळ पातेले आणि चुलीशिवाय पाठवू नये. पहिले दोन दिवस खजूर, फुटाणे, बिस्किटेच कामी येतात.

दफनाचेही बोलायला हवे. मय्यत लवकर दफन करावी ही आमची श्रद्धा आहे. पण पंचनाम्याआधी दफन झाले की वारसांचे सानुग्रह अनुदान अडते. चेहऱ्याचा फोटो, अंगावरच्या खुणा, कपडे यांची नोंद आणि मय्यतीवर व कबरीवर एकच क्रमांक, एवढे केले तर दोन्ही साधते. भूकंपातील मृतदेहांमुळे साथ पसरते या भीतीने ओळख न पटवता सामूहिक दफन किंवा दहन करू नये. मृत महिलांच्या गुस्लसाठी, म्हणजे दफनाआधीच्या स्नानासाठी, महिला स्वयंसेवक आमच्याकडून येतील. त्यांना आडोसा आणि पाणी मिळावे.

बाधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडून रोजची गरजांची यादी आपण मागवावी आणि भिवंडीत माल निवडण्यासाठी एक गोदाम ठरवून द्यावे. काय हवे आणि काय नको, असे दोन रकाने यादीत असावेत. ती सकाळी मिळाली तर दुपारच्या नमाजापर्यंत मशिदींच्या फलकांवर लागेल.

आपले,
मुंब्रा, कौसा व राबोडी येथील मदतकार्यातील कार्यकर्ते